लंडन ब्रिजच्या टोकाचं 'बेअर': पुढचं दार रस्त्यावर, मागचं नदीवर

प्रश्न असा आलाय: "सॅम्युअल पीप्सच्या डायरीत लंडन ब्रिजच्या पायथ्याशी असलेल्या 'बेअर' नावाच्या टॅव्हर्नचा उल्लेख येतो. हे टॅव्हर्न हायवेवरचं होतं की नदीकाठचं? किती जुनं होतं? आणि आमच्याकडे सावंतवाडी-गोव्याला ज्याला तावेर्न म्हणतात तेच का हे, की पब आणि इनचाच एक प्रकार?"

(बेअर म्हणजे अस्वल, आणि पीप्स म्हणजे सतराव्या शतकात लंडनला रोजची डायरी लिहिणारा नौदलाचा अधिकारी.) घाईत असाल तर एवढंच घ्या की दोन्ही होतं, १३१९ पासून १७६१ पर्यंत त्याचा माग लागतो, आणि हो, शब्द तोच. सवडीने वाचणार असाल तर पुढे या, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि मला आवरतं घेता येत नाही. मी केटरिंग करून आधी मुंबईत आणि मग लंडनला मिळून वीस वर्षं बार काउंटरच्या मागे आणि सेलरमध्ये काढली, आणि आता गुडघे पिंप हलवू देत नाहीत म्हणून लोकांना जुन्या लंडनच्या दारूच्या ठिकाणांवरून चालवत नेतो. त्यामुळे मी जे सांगतो ते जरा गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून असतं. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित वेगळ्या क्रमाने सांगतील.

आधी शब्दाचं उरकून घेऊ. लॅटिन 'तबेर्ना', म्हणजे दुकान, खोपटं. त्यातून फ्रेंच, त्यातून इंग्रजी टॅव्हर्न, आणि दुसऱ्या फांदीने पोर्तुगीज 'तावेर्ना', जे जहाजातून गोव्याला उतरलं आणि तुमच्या नाक्यावर फेणी विकायला बसलं. म्हणजे दोघं चुलत भाऊ. पण माल वेगळा. जुन्या इंग्लंडात टॅव्हर्न म्हणजे जिथे वाइन मिळते ती जागा. वाइन बाहेरून यायची, महाग असायची, त्यामुळे गिऱ्हाईकही जरा बऱ्यापैकी खिशाचं. एल-हाउस म्हणजे साधी घरगुती बिअर, बहुतेक वेळा कुणा बाईनेच मागच्या खोलीत काढलेली. आणि इन म्हणजे मुक्काम, माणसाला खाट आणि घोड्याला तबेला. कायद्यालाही हा फरक माहीत होता, १५५३ च्या कायद्याने लंडनमध्ये ४० च्या वर टॅव्हर्नं नकोत असं ठरवलं, एल-हाउसचं गणित वेगळंच होतं. पब हा शब्द तर फार नंतरचा. प्रत्यक्षात सरमिसळ व्हायचीच, आपल्याकडे 'फॅमिली रेस्टॉरंट' पाटीखाली काय काय चालतं तसंच. पण बेअर पहिल्यापासून वाइनचं घर.

आता जागा. ही नीट डोळ्यासमोर आली नाही तर बाकी सगळं फुकट आहे.

लंडन शहर टेम्सच्या उत्तर काठावर. दक्षिणेला सदर्क. मध्ये दगडी पूल, ११७६ ला सुरू केलेला आणि १२०९ ला पुरा झालेला, १९ कमानींचा, वर दोन्ही बाजूंना घरं-दुकानं, मध्ये सेंट थॉमस बेकेटचं चॅपेल. आणि हे ध्यानात घ्या की लंडनमधून नदी ओलांडायला १७५० पर्यंत हा एकच पूल होता, पुढचा पूल थेट पटनीला आणि तोही १७२९ चा. म्हणजे कँटरबरीला देवदर्शनाला जाणारे, डोव्हरहून फ्रान्सला जाणारे व्यापारी, वकील, सैन्य, आग्नेयेच्या केंटमधून येणारी भाजी, गुरं, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या गाड्या, सगळं एका नळीतून. त्या नळीचं तोंड म्हणजे सदर्ककडचं टोक. तिथे दगडी दरवाजा, त्याच्यावर (साधारण १५७७ पासून) राजद्रोह्यांची मुंडकी खांबाला टोचून लावलेली, आणि त्या दरवाजाच्या बाहेर पाऊल टाकलं की बेअर. पुलाचा रस्ता दोन्हीकडच्या घरांनी खाऊन जेमतेम १२ फूट उरलेला, त्यात समोरासमोर दोन गाड्या आल्या की झालं, तासभर हलायचं नाव नाही. रात्री दरवाजा बंद. उशीर झालेला माणूस बाहेरच. आता मला सांगा, तासभर अडकलेला किंवा दरवाजा बंद झाल्याने तिष्ठत बसलेला माणूस काय करेल? बेती-पणजी फेरीची वाट बघत धक्क्यावर उभा असलेला माणूस काय करतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

हे झालं पुढचं दार. मागच्या दाराची गंमत आणखी मोठी.

त्या पुलाचे खांब पाण्यात टिकावेत म्हणून प्रत्येक खांबाभोवती लाकडी खुंट ठोकून आत दगडमाती भरलेली बेटं केली होती, होडीच्या आकाराची. त्यांना स्टारलिंग म्हणत. दुरुस्ती करता करता ती फुगत गेली आणि नदीची बरीचशी रुंदी त्यांनीच अडवली. टेम्स इथे भरती-ओहोटीची नदी आहे, आजही पाणी सहा-सात मीटर वरखाली होतं. ओहोटीला वरच्या अंगाचं पाणी तुंबायचं आणि कमानींतून धबधब्यासारखं खाली पडायचं, कधी कधी वरच्या-खालच्या पातळीत सहा फुटांचा फरक. त्यातून होडी काढणं याला 'शूटिंग द ब्रिज' म्हणत, आणि म्हणच होती की लंडन ब्रिज शहाण्यांनी वरून जायला आणि मूर्खांनी खालून जायला बांधलाय.

१४२८ च्या नोव्हेंबरात ड्यूक ऑफ नॉरफोक या बड्या सरदाराची बार्ज, म्हणजे मोठी होडी, संध्याकाळी सेंट मेरी ओव्हरीच्या (आजचं सदर्क कॅथेड्रल) घाटावरून निघाली, म्हणजे बेअरपासून हाकेच्या अंतरावरून, आणि पुलाखालच्या खुंटांवर आदळून उलटली. बरीच माणसं बुडाली. ड्यूक आणि दोन-तीन जण उडी मारून स्टारलिंगवर चढले आणि पुलावरच्या लोकांनी दोर टाकून त्यांना वर ओढून घेतलं. हा ड्यूक लक्षात ठेवा, त्याचा भाचा पुढे येणारे.

पीप्सने १६६२ मध्ये ऐकलेला एक किस्सा लिहून ठेवलाय तो त्याच्या बरोबर उलटा: एक फ्रेंच माणूस पुलाखालून जाताना पाण्याचा तो पडदा बघून घाबरला, छातीवर क्रूस काढून प्रार्थना म्हणायला लागला, आणि पलीकडे सुखरूप पोचल्याबरोबर शपथ घालून म्हणाला की जगात याच्याइतकी मजा कशातच नाही. आजच्या रोलर कोस्टरवाल्यांचा पूर्वज.

पण सगळेच फ्रेंच नव्हते. शहाणी माणसं पुलाच्या अलीकडे उतरायची, चालत पलीकडे जायची आणि दुसरी होडी धरायची, किंवा आपला नावाडी एकटा खालून येईपर्यंत थांबायची. थांबायची कुठे? बेअरला. ग्रिनिचकडे, म्हणजे राजवाड्याकडे जाणाऱ्या होड्या इथून सुटायच्या. म्हणजे या एका घराला दोन्ही बाजूंनी अडकलेलं गिऱ्हाईक मिळत होतं, पुढून गाडीवाले आणि मागून होडीवाले. माझं मत विचाराल तर बेअर पुलामुळे चाललं असं म्हणणं अर्धवट आहे, ते पुलाच्या अडचणीमुळे चाललं. पूल रुंद आणि पाणी शांत असतं तर चारशे-साडेचारशे वर्षं कुणी तिथे टेकलं नसतं. हे मी पुढे शेवटाकडे परत सांगणारे, तेव्हा पटेल.

आता माझा लाडका भाग, १३१९ चा करार. लंडन शहराच्या दप्तरात हा नोंदलेला आहे. थॉमस ड्रिंकवॉटर नावाचा लंडनचा वाइनवाला (हो, वाइन विकणाऱ्याचं आडनाव ड्रिंकवॉटर, मी काही पदरचं घालत नाहीये) पुलाच्या टोकाशी, सेंट ओलाव्ह पॅरिशमध्ये (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत) नवीन घर बांधतो आणि ते जेम्स बोफ्लर नावाच्या माणसाला टॅव्हर्न म्हणून भाड्याने देतो. जेम्सने बांधकामात स्वतःचे पैसे घातलेले. अट अशी की जेम्स तिथे वाइन विकणार ती फक्त थॉमसकडचीच, दुसऱ्या कुणाकडची नाही. त्या बदल्यात थॉमस त्याला पेले देणार, चांदीचे आणि लाकडाचे, कान असलेले, शिवाय पडदे, कापडं आणि धंद्याला लागणारं इतर सामान.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण मी स्वतः चार वर्षं लंडनमध्ये एक पब अशाच लीजवर चालवला होता, मालक कंपनीचं नाव काढत नाही, पण अट अक्षरशः हीच: जागा आमची, बिअर आमच्याकडूनच घ्यायची, आमच्या भावाने, बाहेरून एक केग (बिअरचं पिंप) आणलेला सापडला तर दंड. याला इथे 'टाय' म्हणतात. समोरचा मोकळा पब तोच केग माझ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात आणायचा आणि मी भाडं भरून वर त्यांचाच माल चढ्या भावाने घ्यायचा. त्या चार वर्षांत मला वाटायचं की हे नवीन कॉर्पोरेट डोक्यातून निघालेलं खूळ आहे. तर सातशे वर्षांपूर्वी ड्रिंकवॉटरभाऊंनी ते करून ठेवलेलं! फरक एवढाच की ड्रिंकवॉटर चांदीचे पेले देत होता, मला कंपनीने त्यांच्या लोगोच्या बिअर मॅट दिल्या.

त्या सामानाच्या यादीकडे जरा थांबून बघा, कारण एखाद्या धंद्याचं गिऱ्हाईक कोण ते त्याच्या भांड्यांवरून कळतं. लाकडी पेले गाडीवान, नावाडी, हमाल यांच्यासाठी. चांदीचे कुणासाठी? सरदार, मोठे व्यापारी, चर्चचे बडे लोक, जे ओहोटी संपायची वाट बघत बसलेत त्यांच्यासाठी. आणि पडदे म्हणजे आडोसा, म्हणजे एकाच छपराखाली दोन दर. आपल्याकडे 'एसी' आणि 'नॉन एसी' सेक्शन असतो ना, तेच. एकाच जागेवर दोन थरांचं गिऱ्हाईक बसवायचं हे बांधतानाच ठरलेलं असावं, असा माझा अंदाज.

आणि मालकाला आपलीच वाइन विकली जावी याची एवढी काळजी का, तर तेव्हाची वाइन टिकत नव्हती. बाटली-बूच नंतर आलं. बोर्डोच्या मुलखात, जो तेव्हा इंग्लंडच्या राजाकडेच होता, शरद ऋतूत द्राक्षं निघायची, वाइन पिंपात भरून जहाजाने लंडनला, आणि वर्षभरात संपवली नाही तर आंबट. पिंप एकदा फोडलं की हवा लागायला सुरुवात, मग दिवस मोजायचे. सेलरमध्ये काम केलेल्याला हे हाताला माहीत असतं, बिअरचा कास्क उघडला की तीन दिवसांत नाकाला कळतं. म्हणून आयात करणाऱ्याला माल लवकर खपवणारं, खात्रीचं तोंड हवं असायचं, आणि पुलाच्या तोंडासारखं तोंड कुठे मिळणार.

खराब झालेली वाइन चांगल्यात मिसळून खपवायची चलाखीही अर्थातच होती. म्हणून लंडनमध्ये नियम होता की गिऱ्हाईकाला आपली वाइन पिंपातून काढताना बघायचा हक्क आहे. १३६४ ला जॉन पेनरोज नावाच्या टॅव्हर्नवाल्याला खराब वाइन विकली म्हणून पकडलं, आणि शिक्षा काय, तर तीच वाइन त्याला प्यायला लावली आणि उरलेली त्याच्या डोक्यावर ओतली, वर धंदा बंद. (तो बेअरचा नव्हता, शहरातला होता.) फूड इन्स्पेक्टरने इतकं मनापासून काम केलेलं मी तरी करिअरमध्ये पाहिलं नाही.

१३१९ च्या करारानंतर मधली बरीच वर्षं मी सोडून देतो. एकदम १४६३-६४. सर जॉन हॉवर्ड नावाच्या सरदाराच्या कारभाऱ्याने घरखर्चाची वही ठेवली होती, त्यात एक ओळ आहे: सदर्कच्या 'बेअर'ला लाल वाइनचे ३ पेन्स. एवढंच. हा हॉवर्ड पुढे स्वतः ड्यूक ऑफ नॉरफोक झाला आणि १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने मारला गेला. आणि १४२८ ला पुलाखाली बुडता बुडता दोराने वर काढलेला तो ड्यूक? तो याचा सख्खा मामा. आईचा भाऊ. मामाची बार्ज जिथे फुटली तिथून पलीकडेच भाचा बसून वाइन पितोय. टूरवर हे सांगितलं की मराठी मंडळी लगेच खूश होतात, इंग्रजांना मात्र 'मामा' म्हणजे काय ते समजावताना माझी दोन मिनिटं जातात, त्यांच्याकडे अंकल म्हणजे कोणीही.

१६३३ ची एक नोंद तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तरच आहे. लॉर्ड स्ट्रॅफर्डला गेरार्ड नावाच्या गृहस्थाने पाठवलेल्या पत्रात बातमी आहे की टेम्सच्या काठावरच्या टॅव्हर्नांची सगळी मागची दारं बंद करायचा हुकूम निघालाय, अपवाद फक्त पुलाच्या पायथ्याच्या बेअरचा, ग्रिनिचला जाण्याच्या वाटेमुळे. मागचं दार सरकारला का खुपतं हे बारवाल्याला वेगळं सांगायला नको. मागच्या दाराने बिल न भरता गिऱ्हाईक जातं, मागच्या दाराने जकात न भरलेला माल येतो, आणि रात्री पोलीस पुढून आले की सगळे मागून. हा माझा अंदाज, हुकमामागचं कारण पत्रातलं नाही. पण अपवाद बघा ना, सरकारने लिहून दिल्यासारखंच झालं की हे नुसतं दारूचं दुकान नाही, हा धक्का आहे. बस स्टँडवरच्या कँटीनला सुट्टीच्या दिवशी सूट असते तसं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुलाच्या उत्तर टोकाची चाळीसेक घरं जळाली होती, आणि ती मोकळी झालेली जागा तशीच राहिल्यामुळे १६६६ ची लंडनची मोठी आग पुलावरून सदर्ककडे आली नाही. बेअर वाचलं ते असं, आधीच्या आगीमुळे.

आता पीप्स. हा नौदलाच्या ऑफिसातला अधिकारी, नदीने सतत वर-खाली करणारा, पुलाशी उतरणारा. त्याच्या डायरीतल्या तीन नोंदी सांगतो, तीनही बेअरच्या.

पहिली, २१ सप्टेंबर १६६८. सदर्कची जत्रा. चिखल, बाहुल्यांचा खेळ, दोरावर नाचणारा जेकब हॉल. गर्दीत खिसा कापला जाईल म्हणून पीप्सने जवळचं सोनं आणि किमती वस्तू, ४० पौंडांच्या वर माल, आपल्या नावाड्याकडे दिला, त्याचं नाव ब्लँड, आणि ब्लँड ते घेऊन बेअरला बसून राहिला. रात्री दुसरा एक नावाडी मशाल धरून पीप्सला बेअरपर्यंत घेऊन आला, सामान परत मिळालं, होडीत बसून घरी. म्हणजे बेअर काय होतं? पार्किंग, क्लोक रूम, आणि ठरलेली भेटायची जागा, सगळं एकात. विचार करा, हातावर पोट असलेल्या नावाड्याकडे ४० पौंड देऊन त्याला दारूच्या घरात बसवलाय आणि परत येताना एक पैसा कमी नाही! याचा अर्थ नावाडी आणि घर दोन्ही खात्रीचं.

दुसरी, एप्रिल १६६७. ही गॉसिप आहे. दरबारात फ्रान्सिस स्टुअर्ट नावाची देखणी मुलगी, राजा दुसरा चार्ल्स तिच्यासाठी वेडा, ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईच्या) चित्रासाठी मॉडेल तीच. ती ड्यूक ऑफ रिचमंडबरोबर पळून गेली. पीप्स लिहितो की ड्यूकने तिला पुलाच्या पायथ्याच्या बेअरला आणलं, तिथे गाडी तयार होती, आणि राजाची परवानगी न घेता दोघं केंटला निघून गेले. ड्यूकचं घर केंटमध्ये कोबॅमला, म्हणजे डोव्हर रस्त्याने सरळ. जागा किती हिशेबाने निवडलीय बघा. पुलाच्या आत, शहरात गाडी उभी केली असती तर त्या १२ फुटांत अडकली असती आणि राजाची माणसं पायी येऊन पोचली असती. बेअरपासून पुढे रस्ता मोकळा. पळून जायचं असेल तर टोल नाक्याच्या पलीकडे गाडी लावायची हे शहाणपण तेव्हाचंच.

तिसरी त्याच वर्षीच्या २४ फेब्रुवारीची, आणि ही मी टूरवर हळू आवाजात सांगतो. पुलाखालून जाताना नावाड्याने पीप्सला सांगितलं की बेअरच्या मालकिणीने नुकताच टेम्समध्ये जीव दिला. पीप्सला ती आधीपासून माहीत होती, लोंबर्ड स्ट्रीटवरच्या व्हाइट हॉर्स टॅव्हर्नमध्ये असताना, आणि आपण पाहिलेल्या अतिशय सुंदर स्त्रियांपैकी ती एक होती असं तो लिहितो. बरेच दिवस ती मनाने खचलेली होती. तिचं नाव तो लिहीत नाही, राजाच्या मैत्रिणीचं लिहितो. नदीकाठचं टॅव्हर्न चालवणाऱ्या घरातल्या बाईला दिवसरात्र काय काय झेलावं लागतं ते मी धंद्यात जवळून पाहिलंय, त्यामुळे त्या दोन ओळी वाचून पुढे जाता येत नाही मला.

मालकांपैकी एकाचं नाव मात्र तांब्या-पितळेत उरलंय. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई झाली की दुकानदार आणि टॅव्हर्नवाले स्वतःच्या नावाची नाणी, टोकन, पाडून चालवायला लागले. १६७२ ला सरकारने तांब्याची स्वतःची नाणी काढली आणि हे थांबलं. त्या टोकनांत कॉर्नेलियस कुकचं एक आहे, 'पुलाच्या पायथ्याच्या बेअरला' असं लिहिलेलं आणि अस्वलाचं चित्र. अशी टोकनं हातात घेतली तर नखाएवढी आणि कागदासारखी पातळ असतात, ओल्या बोटाला चिकटतात. किराणावाला एक रुपयाऐवजी चॉकलेट द्यायचा, त्याची ही सरकारदरबारी खपवून घेतलेली आवृत्ती. फायदा एकच आणि मोठा: बेअरचं टोकन दुसरीकडे फारसं चालायचं नाही, म्हणजे गिऱ्हाईक परत येणार.

एक नेहमीची गल्लत इथेच निस्तरतो, कारण टूरवर दर आठवड्याला होते. "चॉसरचे यात्रेकरू याच टॅव्हर्नमधून निघाले ना?" (चॉसर म्हणजे चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू सदर्कहून निघतात.) नाही हो. ते टॅबर्ड, ते याच रस्त्यावर थोडं पुढे, आणि ते इन होतं, मुक्कामाचं, चौकाभोवती लाकडी सज्जे असलेलं. त्याच्या शेजारचं जॉर्ज आजही उभं आहे, १६७६ च्या सदर्कच्या आगीनंतर लगेच नव्याने बांधलेलं, आणि तीन बाजूंच्या सज्ज्यांपैकी एकच बाजू उरलेली, बाकीच्या दोन रेल्वे कंपनीने १८८९ ला पाडल्या. लोक जॉर्जला जातात, बिअर घेतात, फोटो काढतात आणि समजतात की जुनी सगळी टॅव्हर्नं अशीच होती. बेअरची गोष्ट वेगळी. इनला चौक लागतो कारण घोडे आणि वॅगन आत घ्यायचे असतात, रात्रभर ठेवायचे असतात. बेअरला नदी आणि रस्ता यांच्या बेचक्यात जागाच कुठे होती, आणि त्याचं गिऱ्हाईक तासा-दोन तासांचं. उडुपी हॉटेल आणि लॉज यात जो फरक तो. आणि चॉसरचाच विषय निघालाय म्हणून सांगतो, त्याचा बाप जॉन चॉसर हा लंडनचा वाइनचा व्यापारी होता. म्हणजे ड्रिंकवॉटरचाच धंदा.

शेवट कसा झाला ते आता. १७२२ पर्यंत पुलावर इतका गोंधळ वाढला की लॉर्ड मेयरला हुकूम काढावा लागला, सदर्ककडून येणाऱ्या गाड्यांनी पश्चिमेकडून चालायचं, शहरातून जाणाऱ्यांनी पूर्वेकडून. इंग्रजांच्या डावीकडून चालण्याच्या पद्धतीचा हा एक जुना लेखी पुरावा मानतात, आणि आपण मुंबई-गोवा हायवेवर डावीकडून चालतो (किंवा चालायला हवं) ते त्यांच्याकडूनच आलंय. पण हुकमाने रस्ता रुंद होत नाही. १७५० ला वेस्टमिन्स्टरचा पूल सुरू झाला आणि पहिल्यांदाच लोकांना दुसरी वाट मिळाली. मग जुन्या पुलावरची घरं काढायचा कायदा १७५६ ला झाला, १७५८ पासून पाडापाडी सुरू झाली, मधल्या दोन कमानी काढून एक मोठी कमान केली म्हणजे होड्यांना मधून वाट झाली, रस्ता १२ फुटांवरून साधारण ४५ फुटांवर गेला. म्हणजे गाडीवाल्याची अडचण सुटली आणि होडीवाल्याचीही बरीचशी सुटली, तीही चार-पाच वर्षांत. आणि त्या रुंदीकरणातच, १७६१ च्या डिसेंबरात, बेअर पाडलं.

म्हणून मी मघाशी म्हटलं की ते अडचणीवर जगलं. रुंदीकरणात गेलं नसतं तरी माझ्या मते वीसेक वर्षांत आपोआप गेलं असतं, मागच्या दाराशी थांबणारं कुणी उरलंच नसतं. हायवेला बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या धाब्याचं काय होतं ते आपण बघतोच, ट्रक वरून जातात आणि खाली खाटा वाळत पडतात.

पाडताना मजुरांना एलिझाबेथ राणीच्या काळातली सोन्या-चांदीची नाणी सापडली, चांगल्या किमतीची, अशी बातमी त्या नाताळच्या आठवड्यात लंडनच्या पेपरात आली होती. गल्ल्यातून पडलेली म्हणावीत तर सोनं कुणी शोधल्याशिवाय सोडत नाही. मला वाटतं कुणीतरी लपवून ठेवली होती आणि परत घ्यायला आला नाही किंवा आली नाही.

जागा बघायची असेल तर आजच्या लंडन ब्रिजवर जाऊन शोधू नका, लोक तिथेच फसतात. १८३१ चा नवा पूल जुन्यापासून तीसेक मीटर वरच्या अंगाला बांधला आणि आजचा पूल त्याच्या जागेवर आहे. जुना पूल खालच्या अंगाला होता. उत्तर काठावर सेंट मॅग्नस चर्चच्या टॉवरखालून त्याची पायवाट जायची, त्या अंगणात जुन्या पुलाचे काही दगड अजून पडलेत आणि चर्चच्या आत पुलाचं मोठं मॉडेल आहे, घरांसकट, छोट्या छोट्या माणसांसकट, ते आधी बघून या म्हणजे अंदाज येतो. मग दक्षिणेला उतरून टूली स्ट्रीटवर सेंट ओलाव्ह हाउस शोधा, १९३० च्या आसपासची पांढरी इमारत, जुन्या सेंट ओलाव्ह चर्चच्या जागेवरची. ती आणि आजचा पूल यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी बेअर होतं. पाटी वगैरे शोधत बसू नका, ऑफिसं आहेत, सिगारेट ओढायला बाहेर आलेली माणसं आहेत.

जाताना भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, ओहोटी लागल्यावर तासा-दोन तासांनी पोचलात तर उत्तम. नदीकडच्या कठड्याला टेकून आजच्या पुलाच्या खांबांपाशी बघा, फक्त तीन कमानी आहेत, मोकळं पाणी आहे, तरी खांबाच्या कडेला पाणी कसं दाटतं आणि वळतं ते दिसतं. तिथे १९ कमानी आणि मध्ये ती सगळी फुगलेली बेटं मनात घाला, आणि मग ठरवा की तुम्ही खालून गेला असता की आत जाऊन एक लाल मागवली असती.